संग्रह कमी करताना : जुन्या सायकलींच्या निमित्ताने

१

मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली मागे टाकून दक्षिणेकडे आले की ओरोसच्या आधी कसाल लागते. येथून एक रस्ता कट्टा, चौके, कुंभारमाठ या गावांवरून मालवणला जातो. हा तिठा आणि त्याच्या आजूबाजूची बाजारपेठ एवढीच बहुतेक प्रवाशांना कसालची ओळख. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला, जिल्ह्याचे मुख्यालय जवळच ओरोसला वसले आणि या परिसराचे रूप हळूहळू पालटत गेले. महामार्ग चौपदरी झाल्यानंतर तर त्यावर सायकलस्वार दिसणेही विरळ झाले आहे.

या तिठ्यापासून थोडे आत एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे घर आहे. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांच्या पडवीत आणि मागच्या खोपीत मिळून अकरा जुन्या सायकली आहेत. हा संग्रह ठरवून झालेला नाही. लूना आणि पाठोपाठ स्कूटर गावागावांत पोहोचल्या तेव्हा लोकांच्या सायकली माडाला टेकून पावसात गंजू लागल्या. गुरुजींची बदली ज्या गावी होई तेथून ते अशी एखादी सायकल मागून, क्वचित किरकोळ पैसे देऊन घरी आणत. पस्तीस वर्षांत त्या अकरा झाल्या. कोकणातल्या हवेत लोखंड जपणे म्हणजे रोजचे व्रत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सायकल उलटी करून ठेवायची, साखळीला वंगण द्यायचे, रिमवरून आणि हँडलवरून तेलाचा हात फिरवायचा, टायर जमिनीच्या ओलीपासून वर ठेवायचे. हे व्रत आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना जमेनासे झाले आहे. मुलगा ठाण्याला सदनिकेत राहतो. तेथे एक सायकल ठेवायलाही जागा नाही.

"माका आता झेपणा नाय," ते म्हणाले, "ह्यां सगळा कायतरी मार्गाक लावया. तू मराठीचो मास्तर, यादी तेवढी नीट करून दी."

मी दोन दिवस बसून यादी केली. कंपनी, अंदाजे साल, मूळ भाग किती, बदललेले किती, आजची स्थिती, अपेक्षित किंमत. तक्ता नेटका झाला होता. गुरुजींनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"ही तर भंगारवाल्याची यादी झाली रे!"

त्या वाक्याने मला जे शिकवले ते या लेखाचे निमित्त. वयोमानाने संग्रह कमी करावा लागणे ही घरगुती बाब दिसते. मात्र त्या वेळी काय ठेवायचे, काय द्यायचे आणि कोणत्या नोंदीसह द्यायचे याचे जे निर्णय होतात, ते प्रत्यक्षात इतिहासलेखनाचे निर्णय असतात. ते बहुधा घाईने, थकव्यापोटी आणि बाजारभावाच्या आधाराने घेतले जातात. म्हणून त्यांचा थोडा स्वतंत्र विचार व्हायला हवा.

२

सायकलचा रूढ इतिहास हा शोधांचा इतिहास आहे. १८१७ साली कार्ल फॉन द्राइस याने जर्मनीतल्या मानहाइम येथे पायाने जमीन रेटत चालवायचे दुचाकी यंत्र रस्त्यावर आणले. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे बसली. नंतर पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे इवलेसे अशी उंच सायकल आली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' आली, तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत होते. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर दिला. येथे सायकलचा आकार जवळपास निश्चित झाला, आणि पुष्कळशा पुस्तकांत तिची कथाही येथेच संपते.

आपल्याकडे मात्र कथा येथून सुरू होते. रॅले नॉटिंगहॅमची, बीएसए, हर्क्युलिस आणि फिलिप्स बर्मिंगहॅमच्या, हंबर आणि रज कॉव्हेंट्रीकडच्या. या नावांच्या सायकली जहाजाने मुंबईला उतरत. प्रारंभी त्या साहेबाच्या आणि धनिकांच्या, मग कारकून, शिक्षक, टपालखात्याचे नोकर, डॉक्टर यांच्या झाल्या. मुंबईच्या तरुणांना सायकलने केवढे वेड लावले होते याचे एक ठळक उदाहरण म्हणजे १५ ऑक्टोबर १९२३ रोजी तेथून जगप्रवासाला निघालेले पारशी तरुण. त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांचे इंग्रजी प्रवासवर्णन १९३१ साली प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास देशी उत्पादनाने मूळ धरले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी नावे देशी कारखान्यांतून येऊ लागली. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स १९४९ मध्ये स्थापन झाली आणि हर्क्युलिस तेथे बनू लागली. आसनसोलजवळ सेन-रॅले आली. सोनिपतला १९५१ मध्ये ॲटलास सुरू झाली आणि लुधियानाला १९५६ मध्ये हीरोने सायकली बनवायला प्रारंभ केला. पुढे हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या आजारी पडल्या आणि १९८० च्या कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. तेही त्यांना तारू शकले नाही. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.

हा कारखान्यांचा इतिहास झाला. आपल्या भागात सायकल कशी पोहोचली हे त्यात सापडत नाही. दक्षिण कोकण हा मनीऑर्डरीवर चालणारा मुलूख होता. घरचा कर्ता मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत, आणि गावाकडे भात, माड, म्हातारी माणसे. चाकरमानी गावी येताना ज्या वस्तू आणी त्यांत घड्याळ, ट्रान्झिस्टर आणि सायकल यांना मान असे. गुरुजींच्या सांगण्यानुसार त्यांच्या लहानपणी सायकल बोटीने मालवण बंदरात येई. पावसाळ्यात बोट बंद, त्यामुळे मे महिन्यात आली तर आली, नाहीतर गणपतीनंतरची वाट पाहायची. बंदरातून ती कसालपर्यंत तीस-पस्तीस किलोमीटर चढउतारांवरून, जांभ्याच्या धुळीतून आणली जाई. नवी सायकल कित्येकदा चालवत न आणता हातात धरून आणली जाई, कारण घेणाऱ्याला ती चालवताच येत नसे.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या क्रमाने न लिहिता वापराच्या आणि दुरुस्तीच्या अंगाने लिहायला हवा. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात भारतातील सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी यांचा विचार याच दिशेने केला. या दृष्टीने पाहिले तर नॉटिंगहॅमच्या कारखान्यात तयार झालेली सायकल ही निम्मीच तयार झालेली असते. उरलेली निम्मी कट्ट्याच्या लोहाराकडे, कसालच्या पंक्चरवाल्याकडे आणि वापरणाऱ्याच्या घरी तयार होते.

३

आता त्या यादीकडे वळू. गुरुजींकडच्या अकरांपैकी तीन सायकलींविषयी सांगितले म्हणजे तिच्यातला दोष स्पष्ट होईल.

पहिली रॅले. विलायती, सळीच्या ब्रेकची, मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब. दातेरी चक्रात बगळ्यांची डोकी कोरलेली आहेत. या हबवर निर्मितीच्या वर्षाचे आकडे ठोकलेले असतात, ते वाचून सायकलचे वय बऱ्यापैकी ठरवता येते. रंग मूळचा, चामड्याची सीट मूळची. ही एका जमीनदाराच्या घरात होती आणि फारशी वापरली गेली नाही. माझ्या तक्त्यात ती पहिल्या क्रमांकावर होती, किंमतही सर्वांत अधिक.

दुसरी हिंद, वरळीची. तिचा कॅरिअर मूळचा नाही. लोहाराकडून जाड पट्टीचा, रुंद, दोन्ही बाजूंनी टेकू दिलेला करून घेतलेला आहे, आणि पुढच्या नळीला दोन ठिकाणी झाळ दिला आहे. हिच्यावरून एक गृहस्थ मालवणहून पहाटे निघून मासळीची पेटी वरच्या गावांत नेत असत. मिठाच्या पाण्याने मागचा मडगार्ड खाल्ला आहे. माझ्या तक्त्यात शेरा होता: 'मूळ भाग कमी, स्थिती वाईट.'

तिसरी बायकांची सायकल, आडव्या नळीऐवजी खाली वाकलेल्या नळीची, साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी लावलेली. ही सरकारी दवाखान्यातल्या एका परिचारिकेची. साठीच्या दशकात त्या हिच्यावरून बाळंतपणाला वाड्यावाड्यांत जात. प्रारंभी त्यांना पाहायला लोक गडग्यावर येऊन उभे राहत असत आणि पुढे त्याच लोकांनी रात्री-अपरात्री त्यांना बोलावले, अशी आठवण गुरुजी सांगतात. जुन्या सायकलींच्या बाजारात बायकांच्या सायकलीला पुरुषांच्या सायकलीपेक्षा सहसा कमी भाव येतो. तक्त्यात ती नववी होती.

म्हणजे जी सर्वांत कमी जगली तिला सर्वांत अधिक किंमत, आणि जिच्या अंगावर या प्रदेशाच्या अर्थव्यवहाराचा आणि स्त्रीजीवनाचा इतिहास उमटला आहे ती तळाशी. बाजाराला मी दोष देत नाही. बाजार 'मूळपणा' मोजतो, कारण त्याला तेवढेच मोजता येते. पण आपण साहित्याचे अभ्यासकही पुष्कळदा हेच करतो, हे मला तो तक्ता परत घेताना जाणवले. पोथीची शुद्ध प्रत मोलाची मानताना तिच्या समासात पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी केलेल्या खुणा आपण 'अशुद्धी' म्हणून बाजूला ठेवतो. त्या खुणांतच वाचनाचा इतिहास असतो.

दुसरी अडचण कागदाची. मोटार किंवा मोटारसायकल कितीही जुनी झाली तरी तिचा सरकारदरबारी एक जन्मदाखला असतो. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारगाड्या आणि दुचाकी यांच्या नोंदणीसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र नियमही केले. सायकलला असे काही नाही. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि धातूचा बिल्ला देत. तो बिल्ला नसला, किंवा रात्री दिवा नसला, किंवा मागे कोणी बसलेले आढळले तर पोलीस अडवीत. हे बिल्ले वर्षागणिक बदलत आणि जुने फेकून दिले जात. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक कारखान्याचा असतो, तो माणसाविषयी काही सांगत नाही. दुकानाची पावती असली तर ती कोकणातल्या पावसात आणि वाळवीत टिकत नाही. तात्पर्य, सायकल कोणाची, तिने काय केले, तिच्यात हे बदल का झाले याचा एकमेव दस्तऐवज म्हणजे शेवटच्या मालकाची स्मृती. ती स्मृती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. जुन्या सायकलीचे चामडी सीट, दिवा, डायनामो, घंटी, पुढचा बिल्ला असे भाग वेगवेगळे विकले तर कित्येकदा अख्ख्या सायकलीहून अधिक पैसे येतात. त्यामुळे संग्रह कमी करणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो मोडून विकण्याचा. दुसरा सल्ला असतो नवा रंग आणि नवे क्रोम करून विकण्याचा. पहिल्याने वस्तू नाहीशी होते, दुसऱ्याने पुरावा. हिंद सायकलचा तो झाळ आणि खाल्लेला मडगार्ड एकदा घासून रंगवला की मासळीची पेटी कायमची पुसली गेली.

४

वॉल्टर बेंजामिन याने १९३१ साली आपल्या ग्रंथसंग्रहावर एक निबंध लिहिला. दोन वर्षे पेट्यांत बंद असलेली पुस्तके तो बाहेर काढतो आहे, असा त्याचा प्रसंग. संग्राहक आणि वस्तू यांच्या नात्यावरचा हा निबंध आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. त्यातले एक निरीक्षण येथे महत्त्वाचे आहे. सार्वजनिक संग्रह समाजाला आणि अभ्यासाला अधिक उपयुक्त असतील, पण संग्रहाचा खरा अर्थ त्याच्या व्यक्तिगत मालकाशी बांधलेला असतो आणि मालक गेला की तो अर्थ ओसरतो, असे तो मानतो. बेंजामिन पेट्या उघडत होता. आपल्यापुढचा प्रश्न त्या बंद करण्याचा आहे. मालक असतानाच, त्याच्या डोळ्यांदेखत संग्रह कमी होत असेल तर त्या अर्थाचे काय करायचे?

याची वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. आपल्याकडचे सर्वांत मोठे उत्तर पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा कवी १९२० च्या सुमारास संग्रहाकडे वळला. दिवे, अडकित्ते, पानदाने, फण्या, वाद्ये, कोरीव दारे अशा, ज्यांच्या कारागिरांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत त्या घरगुती वस्तू त्यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव फिरून जमवल्या. बालवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले. १९७५ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. सुमारे वीस हजार वस्तूंपैकी अडीच हजारांच्या आसपास दालनांत मांडलेल्या असतात, बाकीच्या भांडारात. शोकातून उभा राहिलेला खाजगी संग्रह सार्वजनिक झाला, तरी दारावर मुलाचे नाव राहिले. बेंजामिनच्या निरीक्षणाला मिळालेले हे एक मराठी उत्तर मानायला हरकत नाही. मालक बदलला, पण संग्रहामागचे कारण दारावर लिहिलेले आहे.

दुसरे उत्तर व्हिएन्नाचे. मिशाएल एम्बाखर या वास्तुविशारदाने दोनशेहून अधिक सायकली जमवल्या होत्या. त्यांतल्या शंभर सायकलींचे, त्यांच्या घडणीच्या तपशिलांसह, एक देखणे पुस्तक २०११ साली निघाले. त्यानंतर मे २०१५ मध्ये व्हिएन्नाच्या डोरोथेउम या लिलावगृहात हा संग्रह विकला गेला. सायकली जगभर विखुरल्या. पण आधी पुस्तक झाले होते, त्यामुळे त्या एके काळी एकत्र होत्या आणि एका माणसाने त्या कोणत्या नजरेने निवडल्या हे आजही वाचता येते. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी नोंद, मग विक्री.

तिसरे उत्तर अमेरिकेचे. शिकागोच्या श्विन कंपनीने १९९२ मध्ये दिवाळखोरी पत्करली. त्या घराण्याचा सायकलसंग्रह १९९७ साली ओहायो राज्यातल्या न्यू ब्रेमेन या लहानशा गावातल्या उद्योजकाने घेतला आणि तेथे संग्रहालय झाले. संग्रह टिकला, गाव बदलले. शिकागोच्या कामगारवस्तीतल्या कारखान्याचा इतिहास पाहायला आता दुसऱ्या राज्यात जावे लागते.

आपल्या जवळपासही प्रयत्न आहेत. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याला ते साजेसेच. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' मध्ये शेतीची आणि घरगुती अवजारे जपली, आणि त्याच्या जोडीला 'गोवा चक्र' मध्ये जुन्या गाड्या, रथ, बग्ग्या ठेवल्या. परंतु कसालच्या सायकलींना ही दारे कितपत उघडतील? संग्रहालयालाही जागेची मर्यादा असते. त्यांच्याकडे रॅले असतेच, दुसरी रॅले ते कशाला घेतील? आणि हिंद घ्यावी असे त्यांना वाटायचे असेल तर ती मासळीवाल्याची आहे हे कोणीतरी आधी लिहून द्यायला हवे.

या संदर्भात प्रकाश कुंटे दिग्दर्शित 'सायकल' (२०१८) या मराठी चित्रपटाची आठवण येते. कोकणातल्या एका ज्योतिषाची जीव की प्राण असलेली सायकल चोरीला जाते, एवढेच त्याचे कथानक. डी सिकाच्या १९४८ च्या चित्रपटात सायकल चोरीला जाते तेव्हा रोजगार जातो. येथे जाते ती आसक्ती, आणि प्रश्न असा उभा राहतो की वस्तू गेली तरी तिच्यामुळे जोडलेला माणूस उरतो का. गुरुजींना हा चित्रपट मी मोबाइलवर दाखवला. ते हसले, आणि म्हणाले, "चोरान नेली तर बरा असता. आपण ठरवचा लागणा नाय."

संग्रह कमी करण्यातले खरे दुःख त्या वाक्यात आहे. गमावणे सोसता येते, निवडणे सोसवत नाही.

५

आम्ही यादी पुन्हा केली. या वेळी तक्ता न करता वही घेतली आणि प्रत्येक सायकलीला चार पाने दिली. पहिल्या पानावर माझ्या जुन्या तक्त्यातला मजकूर: कंपनी, फ्रेमवरचा आणि हबवरचा क्रमांक, मूळ भाग, बदललेले भाग. दुसऱ्यावर सायकल कोठून आली, कोणत्या साली, कोणाकडून, काय देऊन. तिसऱ्यावर तिचे काम: काय वाहिले, कोणत्या वाटेने, कोणी कोणाला तिच्यावर शिकवले. चौथ्यावर तिच्या अंगावरच्या खुणा आणि प्रत्येक खुणेचे कारण, म्हणजे झाळ का, नळीवर घासल्याचा पट्टा का, हँडल एका बाजूला वाकलेले का. गुरुजी मालवणीत सांगत आणि मी ते मालवणीतच उतरवून घेत असे. प्रमाण मराठीत लिहायला गेलो की निम्मे शब्द हातातून निसटत. नळीखालून पाय घालून सायकल शिकणाऱ्या पोराची धडपड सांगायला त्यांच्याकडे जी क्रियापदे होती ती माझ्याकडे नव्हती. हा भाषेचाही एक संग्रह होता आणि तोही उतरणीला लागलेला होता, हे वही अर्धी भरल्यावर माझ्या ध्यानात आले.

वहीमुळे वाटपही सोपे झाले. जिची चारही पाने भरली ती सायकल दुसरीकडे जायला मोकळी झाली, असा नियम गुरुजींनीच घालून दिला. रॅले विकायची असे ठरले. ती कोठेही गेली तरी तिचे जाणकार तिला ओळखतील आणि आलेल्या पैशांतून उरलेल्या सायकलींच्या जागेवर पत्रे घालता येतील. विक्री परदेशी होऊ नये एवढे पाहायचे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. गुरुजींची रॅले तेवढी जुनी नाही, पण ज्यांच्याकडे त्याआधीची एखादी सायकल असेल त्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. तीन सायकली, ज्या थोड्या दुरुस्तीने रस्त्यावर येऊ शकतात, त्या चालवणाऱ्यांना द्यायच्या. दुरुस्त करून चालवली जाणे हाही सायकल जपण्याचाच एक मार्ग आहे, आणि एजर्टनच्या दृष्टीने पाहिले तर कदाचित सर्वांत प्रामाणिक मार्ग. परिचारिकेची सायकल त्यांच्या नातीने मागितली आहे. ती स्वतः वैद्यकीय शिक्षण घेते आहे. मासळीवाल्याची हिंद एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने, न रंगवता, वहीतल्या पानांच्या प्रतीसह ठेवावी अशी खटपट सुरू आहे. अजून होकार आलेला नाही. वाचनालयांना जागा नसते, आणि गंजलेली सायकल कशासाठी, हे समितीला पटवणे सोपे नसते. ज्या पाच उरतील त्यांना गुरुजी स्वतः तेल लावू शकतील.

त्या पाचांत एक सायकल अशी आहे की तिच्या वहीतल्या चार पानांपैकी तीन कोरी आहेत. ती कोणाची, कोणत्या गावाहून आणली, काही केल्या गुरुजींना आठवत नाही. बिल्ला पडलेला, रंग उडालेला, नावही वाचता येत नाही. बाजाराच्या दृष्टीने ती शून्य किमतीची. ती द्यायला मात्र ते तयार नाहीत. "हिचा आठवासर ही हयच ऱ्हवतली," असे त्यांनी निक्षून सांगितले. मी दर रविवारी जातो तेव्हा आम्ही तिच्यापासूनच सुरुवात करतो. मागच्या खेपेला सीटखालच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला सुतळीचा तुकडा सापडला. त्यावरून त्यांना कोणा टपालवाल्याची आठवण होते आहेसे वाटले, पण ते खात्रीने काही बोलले नाहीत, म्हणून मीही वहीत काही लिहिले नाही.

आपल्या महाविद्यालयांतून पदव्युत्तर वर्गांना प्रकल्प द्यावे लागतात. तेच ते विषय फिरून येतात याची तक्रार आपण सारेच करतो. प्रत्येक गावात असे एखादे घर असते. कोठे सायकली, कोठे ग्रामोफोनच्या तबकड्या, कोठे दशावताराचे जुने मुकुट, कोठे नुसतीच टिपणवह्यांची पेटी. ते घर सांभाळणारे माणूस बहुधा सत्तरी ओलांडलेले असते आणि एखाद्या दिवाळीला मुले येऊन 'आता हे सगळे काढून टाकू या' असे म्हणणार असतात. त्यांचे म्हणणेही चुकीचे नसते, घर त्यांनाच आवरायचे आहे. आपल्याला त्या दिवाळीच्या आधी एक वही घेऊन तेथे पोहोचायचे आहे. वस्तू वाचवणे आपल्या हाती नसेल. तिच्या सोबत जाणारी पाने लिहून देणे मात्र मराठी शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या माणसाला नक्की जमण्यासारखे आहे.